भोकं पाडलेला कागद गातो कसा? स्ट्रीट ऑर्गन, एक चिडलेला गणिती आणि माझी बाल्कनी

हेडफोन लावलेत ना? मग आधी हे ऐका.

[हवेची फुसफुस. हँडलची करकर. आठ सुरांतली एक साधी धून. मध्येच एक सूर चिरकतो.]

तो चिरकला ना, तो माझा 'नी'. त्याच्यावर मी तीन रविवार घालवलेत आणि तो अजून ऐकत नाही. हा आवाज कुठल्याही ॲपमधून आलेला नाही. माझ्या बाल्कनीत एक पेटी आहे. तिला शिलाई मशीनचं हँडल आहे, वर लाकडाच्या आठ नळ्या आहेत आणि मधून कागदाची एक पट्टी सरकते. पट्टीला भोकं आहेत. हँडल फिरवलं की पेटी गाते. वाजवणाऱ्याला सा कुठला आणि प कुठला हे माहीत असायची गरज नाही.

याला म्हणतात स्ट्रीट ऑर्गन. ॲमस्टरडॅमच्या रील्समध्ये तुम्ही पाहिला असेल. रंगीबेरंगी, कपाटाएवढा, पुढे छोट्या बाहुल्या घंटा वाजवतायत, मागे एक माणूस चाक फिरवतोय आणि दुसरा डबा खुळखुळवत पैसे मागतोय. मी त्याचा अगदी गरीब चुलतभाऊ घरी बनवला. का बनवला, तर एका माणसामुळे. त्याला या वाद्याचा इतका राग होता की त्यानं त्याविरुद्ध कायदा करून घ्यायला मदत केली. आणि गंमत म्हणजे ते वाद्य ज्या कल्पनेवर पुढे मोठं झालं, तीच कल्पना त्याच्या स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाच्या मुळाशी होती.

त्या माणसाचं नाव चार्ल्स बॅबेज. तुमच्या हातातल्या फोनचा खापरपणजोबा म्हणा हवं तर.

बॅबेजच्या खिडकीखाली

बॅबेज १७९१चा जन्म. गणिती, आणि पैशानं बरा. १८३०च्या दशकात त्यानं ॲनालिटिकल इंजिन नावाच्या यंत्राचे आराखडे काढायला सुरुवात केली. पितळी चाकांचं, वाफेवर चालेल असं, पण आजच्या कॉम्प्युटरसारखं. आकडे साठवायची जागा वेगळी, हिशेब करायची जागा वेगळी, आणि काय करायचं ते बाहेरून सांगायचं. हे यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झालं नाही. तो लंडनमध्ये मॅरिलबोन भागात, डॉर्सेट स्ट्रीटवर राहायचा. घरी बसून डोकं लावायचं काम. आणि खिडकीखाली दिवसभर ऑर्गनवाले.

हे ऑर्गनवाले बहुतेक इटलीहून आलेले. उत्तर इटलीच्या डोंगराळ खोऱ्यांतून, पार्मा-पिआचेन्झाच्या बाजूनं. शेती पोट भरत नाही म्हणून बाहेर पडलेले. लंडनमध्ये क्लार्कनवेल आणि सॅफ्रन हिल भागात एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. सकाळी ऑर्गन पाठीवर टाकायचा किंवा गाडीवर ठेवायचा आणि निघायचं. पुष्कळांचा ऑर्गन स्वतःचा नसायचा. तो असायचा मालकाचा, ज्याला इटालियनमध्ये 'पाद्रोने' म्हणत. लहान मुलंही या कामाला आणलेली असत. आईबापांशी करार करून गावाहून आणायचं, हातात एखादा पांढरा उंदीर नाहीतर माकड द्यायचं, आणि संध्याकाळी जमलेले पैसे काढून घ्यायचे. पुढे १८७३मध्ये इटलीनं आणि १८७४मध्ये अमेरिकेनं याविरुद्ध कायदे केले, यावरून काय चालत असेल त्याचा अंदाज करा.

बॅबेजला हे सगळं दिसत नव्हतं असं नाही. पण त्याला ऐकू जास्त येत होतं. त्यानं काय केलं? गणिती माणूस जे करेल ते. मोजलं. साधारण तीन महिन्यांत १६५ वेळा आपल्या कामात खंड पडला, अशी नोंद त्यानं ठेवली. मग हिशेब मांडला की गेल्या बारा वर्षांत आपल्या कामाच्या ताकदीचा चौथा हिस्सा या आवाजानं खाल्ला. १८६४मध्ये आलेल्या त्याच्या आत्मचरित्रात 'रस्त्यावरचे उपद्रव' या विषयावर अख्खं प्रकरण आहे. त्यात त्रास देणाऱ्या वाद्यांची यादी आहे. त्यांना उत्तेजन देणाऱ्यांचीही यादी आहे, आणि तिच्यात दारूच्या गुत्त्यांचे मालक, नोकरचाकर आणि लहान मुलंसुद्धा आहेत!

शेजाऱ्यांनी काय केलं असेल? तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे होतं तेच, फक्त ऑफलाइन. बॅबेज चिडतो हे कळल्यावर लोक मुद्दाम वाजवायला लागले. तो पोलीस शोधायला बाहेर पडला की पोरांची झुंड ओरडत मागे. खिडक्यांच्या काचा फुटल्या. घराच्या पुढच्या चौकात मेलेली मांजरं टाकली गेली.

त्याच १८६४ साली मायकेल बास नावाच्या खासदारानं, जो बिअरच्या धंद्यातला मोठा माणूस होता, लंडनमधल्या रस्त्यावरच्या संगीताविरुद्ध कायदा आणला. त्याच्या बाजूनं सही करणाऱ्यांत चार्ल्स डिकन्स होता, कवी टेनिसन होता, थॉमस कार्लाईल होता. कार्लाईलनं तर त्याच्याआधीच घराच्या माथ्यावर आवाज येऊ नये म्हणून खास खोली बांधून घेतली होती. कायदा झाला. आता घरमालक वाजवणाऱ्याला 'जा' म्हणू शकत होता आणि तो गेला नाही तर चाळीस शिलिंगपर्यंत दंड, नाहीतर कोठडी. ऑर्गन मात्र थांबले नाहीत. १८७१मध्ये बॅबेज वारला, तेव्हा 'टाइम्स'नं मृत्युलेखात ऑर्गनवाल्यांच्या छळाचा उल्लेख केला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी सरळ ऑर्गनवाल्यांच्या बाजूची होते. श्रीमंत म्हातारा गरिबांच्या पोटावर पाय देतोय, एवढंच मला दिसलं. मग वाटलं, ज्या वाद्यावर एवढं भांडण झालं, ते आतून काय आहे हे तरी कळू दे.

पहिली नळी

मी गेले आमच्या भागातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. पेटी म्हणजे हार्मोनियम. म्हटलं, काका, मला ऑर्गन बनवायचाय. ते म्हणाले, "नाटकातला पायपेटीचा ऑर्गन? अगं, त्याचे सूर आता मिळायचे नाहीत." मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, पूर्ण बघितला आणि म्हणाले, "ही पेटी नाही. ही बासरी आहे. आठ-दहा बासऱ्या आणि फुंकायला एक भाता."

त्या एका वाक्यात अर्धं काम झालं.

फरक असा. पेटीत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. हवा त्यांच्यातून जाताना पट्टी थरथरते आणि सूर येतो. स्ट्रीट ऑर्गनच्या नळीत थरथरणारी पट्टीच नाही. हवेचा पातळ झोत एका धारदार कडेवर आपटतो, कधी कडेच्या आत जातो, कधी बाहेर, आणि नळीतली हवा हलायला लागते. बासरीत हा झोत तुम्ही ओठांनी बनवता. ऑर्गनच्या नळीत लाकडाची एक अरुंद फट तो बनवते.

सूर किती उंच, हे ठरतं नळीच्या लांबीवर. पेटीतली पांढरी एक, मधल्या सप्तकातली, सेकंदाला साधारण २६२ कंपनं. त्यासाठी दोन्ही बाजूंनी उघडी नळी हवी ६५ सेंटीमीटरच्या आसपास. पण वरचं टोक बंद केलं तर तोच सूर निम्म्या लांबीत मिळतो, साधारण ३३ सेंटीमीटर. ज्याला ऑर्गन पाठीवर घेऊन फिरायचंय त्याच्यासाठी हा शोध सोन्यासारखा आहे. मीही बंद नळ्याच केल्या. वर लाकडाचा दट्ट्या, त्याला चामडं गुंडाळलेलं. दट्ट्या खाली ढकलला की सूर चढतो, वर ओढला की उतरतो. झालं ट्यूनिंग. फोनवर ट्यूनरचं ॲप लावायचं आणि दट्ट्या एक-एक मिलीमीटर हलवत बसायचं.

पहिल्या नळीतून दोन आठवडे फक्त फुस्स असा आवाज आला. फट एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झाली होती. तिसऱ्या नळीला सूर लागला, रात्री साडेअकराला. मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खुर्ची आपटली. हे लक्षात ठेवा, वरचा मजला पुढे येणार आहे.

भाता काकांनी दिला. कुणीतरी सोडून दिलेली एक जुनी पेटी, पट्ट्या गेलेली, पण मागचा भाता आणि आतला स्प्रिंगचा भाता ठीकठाक. हे दोन भाते का लागतात? मागचा भाता हवा भरतो, पण धक्क्याधक्क्यानं. आतला भाता ती हवा साठवतो आणि स्प्रिंगच्या दाबानं सारख्या जोरानं सोडतो. तो नसेल तर सूर लहरत राहील. पाण्याच्या टाकीसारखंच आहे. पंप कसाही चालू-बंद होऊ दे, नळाला धार सारखी.

मी शिलाई मशीनचं हँडल लावलं आणि एका दांड्यानं ते मागच्या भात्याला जोडलं. दाब मोजायला पारदर्शक नळी इंग्रजी यू-सारखी वाकवून तिच्यात पाणी भरलं. पाणी सात सेंटीमीटर चढलं. मी हावरटपणा करून जोरदार स्प्रिंग बसवली, तर पांढरी एकची नळी सा म्हणायच्या ऐवजी एकदम तार सप्तकातला प म्हणायला लागली! बंद नळीत हवा जास्त जोरानं घुसली की ती तिप्पट कंपनांवर उडी मारते, आणि साच्या तिप्पट म्हणजे तार पंचम. मी स्प्रिंग परत बदलली. जास्त जोर म्हणजे जास्त मोठा आवाज, हे नेहमी खरं नसतं.

भोकांची भाषा

आता खरी गंमत. कुठली नळी कधी वाजणार, हे कोण ठरवतं?

बॅबेजच्या खिडकीखालच्या ऑर्गनमध्ये लाकडी रूळ असायचा, मोठ्या लाटण्यासारखा, आणि त्यावर ठोकलेले खिळे. रूळ फिरला की खिळा एक पट्टी उचलायचा, पट्टी झडप उघडायची, नळी वाजायची. छोट्या सुराला एक खिळा, लांब सुराला आडवी तार. ही कल्पना फार जुनी. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीच्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलंय, आणि त्यातही असाच खुंट्या बसवलेला रूळ आहे.

पण रुळाला एक अडचण. एक फेरा झाला की गाणं संपलं. रूळ थोडा बाजूला सरकवून दुसरी धून लावता येते, पण मोजक्याच. नवी गाणी हवीत तर नवा रूळ, म्हणजे महिन्यांचं काम आणि भरपूर पैसे. बॅबेज का वैतागला ते आता कळतंय का? तीच आठ-दहा गाणी, रोज, वर्षानुवर्षं.

यातून सुटका केली कागदानं. पण तो कागद आधी ऑर्गनकडे नाही, मागाकडे गेला.

फ्रान्समधलं लिओन हे रेशमाचं शहर. १७२५मध्ये तिथल्या बाझील बुशों नावाच्या माणसानं मागावर कुठले धागे उचलायचे हे भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्टीनं ठरवायची युक्ती काढली. भोक असेल तर एक गोष्ट, नसेल तर दुसरी. हा बुशों कुणाचा मुलगा होता माहितीये? ऑर्गन बनवणाऱ्याचा. ऑर्गनच्या रुळावर खिळे कुठे ठोकायचे याची आखणी आधी कागदावर करत. ती घरात पाहूनच त्याला हे सुचलं असावं असं मानलं जातं. पुढे ८० वर्षांनी, १८०४च्या सुमाराला, त्याच लिओनमध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ वापरून चालणारा माग पक्का केला. तुमच्या घरातली सोलापुरी चादर काढून बघा. तिच्यावरची नक्षी ज्या यंत्रणेनं विणतात, तिला आजही जॅकार्डच म्हणतात.

जॅकार्डचं एक चित्र आहे, रेशमात विणलेलं. दुरून पाहिलं तर छापील वाटतं. ते विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत बॅबेजकडे होती आणि तो घरी आलेल्या पाहुण्यांना ती कौतुकानं दाखवायचा. कारण ॲनालिटिकल इंजिनला हुकूम द्यायला त्यानं हीच कार्डं घ्यायची ठरवली होती. त्याची सहकारी एडा लव्हलेस हिनं १८४३मध्ये या यंत्रावर टिपणं लिहिली. त्यात ती म्हणते की सुरांमधले संबंध नीट नियमांत मांडता आले, तर हे यंत्र संगीतसुद्धा रचू शकेल.

म्हणजे बघा. घरात टेबलावर कार्डांनी चालणाऱ्या यंत्राचे कागद. आणि खिडकीखाली खिळ्यांच्या रुळावर चालणारं यंत्र, त्याला वेड लावणारं. मध्ये फक्त एक भिंत.

बॅबेज गेल्यानंतर २१ वर्षांनी, १८९२मध्ये, पॅरिसच्या गाविओली या ऑर्गन कारखान्यानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या घडीच्या पुस्तकावर चालणाऱ्या ऑर्गनचं पेटंट घेतलं. हे घराणं मूळचं इटलीतल्या मोडेना गावचं. पुस्तक एका बाजूनं आत सरकतं, दुसऱ्या बाजूनं घडी होत बाहेर येतं. गाणं कितीही लांब. नवं गाणं गाजलं की काही दिवसांत त्याचं पुस्तक तयार. लाकडी खिळ्यांतून सुटल्यावर ऑर्गन मोठे झाले, शंभर-शंभर सुरांचे. नेदरलँड्समध्ये तर ते रस्त्याची ओळखच झाले, आणि उट्रेख्तच्या संग्रहालयात आजही चालू स्थितीत ऐकायला मिळतात. तर ऑर्गनवाल्याच्या घरातून निघालेली कल्पना माग फिरून, एका अपुऱ्या कॉम्प्युटरला शिवून, परत ऑर्गनमध्ये आली. आणि वाटेत १८९०ची अमेरिकेची जनगणनाही भोकं पाडलेल्या कार्डांवरच मोजली गेली.

उलटी पट्टी

माझ्या ऑर्गनला पुठ्ठ्याचं पुस्तक नाही, कागदाची पट्टी आहे. दहा सेंटीमीटर रुंद, आठ ओळी. एका हवाबंद खोक्यात ती आठ भोकांच्या लाकडी पट्टीवरून सरकते. प्रत्येक भोकाला एक प्लास्टिकची नळी, ती एकेका पाइपला जाते. खोक्यात भात्याची हवा भरलेली. कागद भोकावर बसलाय तोवर हवा अडलेली. कागदातलं भोक लाकडातल्या भोकावर आलं की हवा सुटली, पाइप वाजला. बस्स. कागद हीच झडप.

पट्टी सेकंदाला तीन सेंटीमीटर सरकते. अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे दीड सेंटीमीटरची चीर. एका मिनिटाचं गाणं म्हणजे १८० सेंटीमीटर कागद. लांब सुराला सलग चीर पाडली तर कागद फाटतो, म्हणून मध्ये बारीक पूल ठेवायचे. हे मी तीन पट्ट्या फाडल्यावर शिकले.

पहिल्यांदा पट्टी लावली ती चुकून उलटी, कडा बदलून. भलतीच धून वाजली. पण ऐकायला वाईट नव्हती! जिथे सूर चढायला हवा तिथे उतरत होता, उतरायला हवा तिथे चढत होता. मी थांबून हसत सुटले, कारण तेव्हा कळलं की कागदाला गाणं माहीतच नाही. त्याच्यावर आवाज नाही. त्याच्यावर फक्त 'आता हे कर, आता ते कर' एवढंच आहे.

मग मी हँडल हळू फिरवलं. गाणं हळू झालं, पण सूर तेवढेच उंच राहिले. कॅसेट हळू फिरवली की आवाज जाडा होतो ना? इथे होत नाही. कॅसेटवर आवाज साठवलेला असतो, इथे आज्ञा साठवलेल्या आहेत. तुमच्यापैकी जे फोनवर बीट्स बनवतात त्यांना हे ओळखीचं वाटेल. ही सरळसरळ ऑडिओ फाइल आणि मिडी फाइल यांच्यातली गोष्ट आहे. आजचे हौशी ऑर्गनवाले मिडी फाइलवरूनच भोकं पाडून घेतात.

बॅबेजला हे ऐकवायला पाहिजे होतं, असं मला त्या रात्री वाटलं. बाबा रे, तुझ्या खिडकीखाली प्रोग्रॅम चालत होता.

वरचा मजला

आता आला वरचा मजला.

एका शनिवारी दार वाजलं. वरच्या काकू. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "हे बघ, तू करतेस ते छान आहे गं. पण मुलाची बारावी आहे. आणि तुझं ते एकच गाणं आहे. तो आता पेपर सोडवताना ते गुणगुणतो."

मी माफी मागितली. दार लावलं आणि तिथेच बसले. एकच गाणं. माझ्याकडे एकच पट्टी होती आणि मी ती दोन महिने, रोज, 'फक्त चेक करायला' वाजवत होते. मला ते गाणं ऐकू येतच नव्हतं. मला ऐकू येत होता हवेचा गळका सांधा, उशिरा बोलणारा ग, चिरकणारा नी. वर त्या मुलाला मात्र फक्त गाणं ऐकू येत होतं, आणि ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं.

त्या दिवशी मला बॅबेज पहिल्यांदा माणूस वाटला. त्याचा हिशेब खोटा नव्हता. पण त्याच वेळी, माझ्यावर पोट नव्हतं. मी उद्यापासून थांबू शकत होते. सॅफ्रन हिलवरचं पोरगं थांबलं असतं तर संध्याकाळी मालकाला काय दाखवणार होतं? आवाज एकच, पण तो कुणाला परवडतो आणि कुणाला नाही, हे दोन्हीकडून मोजावं लागतं. बॅबेजनं एकाच बाजूचे १६५ मोजले.

आणि कधी कधी तर बाजू दोनच नसतात. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून ऑर्गनवाले हद्दपार झाले १ जानेवारी १९३६ला. परवाने बंद करणारा महापौर कोण? फिओरेलो ला गार्डिया, स्वतः इटालियन बापाचा मुलगा. कारणं सांगितली ती रहदारीची आणि आता रेडिओ आलाय याची. पण त्याच्या आत्मचरित्रात दुसरी गोष्ट आहे. ॲरिझोनात लहानपणी गावात माकडवाला ऑर्गनवाला आला, आणि पोरांनी याला चिडवलं, तुझं माकड कुठेय म्हणून. तेवढ्यात वडील आले, त्या माणसाशी आपल्या बोलीत मजेत गप्पा मारल्या आणि त्याला घरी मॅकरोनी खायला घेऊन आले. पुढे किती तरी दिवस पोरं चिडवत राहिली. वडिलांना तो गाववाला दिसला, मुलाला लाज. आणि चाळीसेक वर्षांनी मुलाच्या हातात सही होती.

आपल्याकडेही वाद्यावर बंदी आली आहे बरं का. १९४०मध्ये आकाशवाणीनं पेटीच बंद केली, हिच्यात मींड निघत नाही, हिचे सूर आपले नाहीत म्हणून. १९७१पर्यंत ती बंदी होती. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तरी पेट्या दुरुस्तीला येतच होत्या."

आणखी एक, आपल्या बाजूचं. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ ऐकलाय? इंग्रज शिपायावर बसलेला. त्याच्या पोटात भाता आहे, नळ्या आहेत, १८ सुरांचा छोटा ऑर्गन आहे, आणि बाजूला हँडल होतं. हँडल फिरवलं की शिपाई विव्हळायचा आणि वाघ गुरगुरायचा. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लंडनला गेला आणि १८०८पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्यालयात लोकांना बघायला ठेवला, वाचनालयाच्या खोलीत. येणारा-जाणारा हँडल फिरवायचा. वाचत बसलेले वैतागायचे. पुढे ते हँडल गायबच झालं. वाघ आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गप्प बसून आहे. लंडन आणि हँडल, जुनं वैर!

रविवार, पाच वाजता

मी काय केलं ते सांगते आणि थांबते. काकूंना विचारलं, क्लासला कधी जातो तो? रविवारी संध्याकाळी पाच ते सात. मग आता रविवारी पाच वाजता ऑर्गन खाली पार्किंगमध्ये जातो. इतर दिवशी मी फक्त भोकं पाडते. दुसरी पट्टी तयार झाली, तिसरी चालू आहे. एकच गाणं ही तक्रार तरी संपली.

पहिल्या रविवारी खालच्या मुलीनं हँडल मागितलं. सहा-सात वर्षांची असेल. सुरुवातीला एवढ्या जोरात फिरवलं की गाणं पळायला लागलं, मग दमली आणि हवा संपून सूर खाली बसला. 'सोपं नाहीये,' म्हणाली. नाहीच आहे. एका हातानं हवाही भरायची आणि लयही धरायची, तीही तासन्‌तास. मला वाटायचं, ऑर्गनवाला काहीच करत नाही, नुसतं हँडल फिरवतो. आता माझा उजवा खांदा सांगतो तो काय करायचा.

मग तिनं खोक्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "ताई, कागद संपला की?"

म्हटलं, परत गुंडाळायचा आणि पहिल्यापासून.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सगळा ऑर्गन नको, एक बंद नळी करा. ३३ सेंटीमीटर लांब, वर दट्ट्या. दोन आठवडे फुस्स येईल. येऊ दे. आणि वाजली की आधी घड्याळ बघा, मग ओरडा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर 'नी'साठी प्रार्थना करा.

[हँडलची करकर. नवी पट्टी. नी परत चिरकतो.]